पेढीवरचा जुना ई-मेल आणि मुलांचे अर्ज



बारावीचं वर्ष लागलं की निपाणी-बेळगावकडं घरोघरी एकच खल चालतो, इकडची, म्हणजे कर्नाटकची सीईटी (प्रवेश परीक्षा) की तिकडची, महाराष्ट्राची? बरीच मुलं दोन्ही देतात. शिवाय महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा गट आहे. त्याचे दाखले वेगळे. अर्ज कुठलाही असो, ई-मेलचा रकाना असतोच. तिथं आपण बिनदिक्कत दुकानाचा किंवा पेढीचा पत्ता लिहून मोकळे होतो.

तो मेल उघडतो कुठं? काउंटरमागच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आउटलुक एक्स्प्रेसमध्ये नाहीतर विंडोज लाइव्ह मेलमध्ये. आउटलुक एक्स्प्रेस ज्या विंडोज एक्सपीबरोबर आला, तिची देखभाल मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 रोजी थांबवली. लाइव्ह मेलची 10 जानेवारी 2017 रोजी. म्हणजे नव्या व्हायरसपासून त्यांना राखणारं आता कुणी नाही.

खरी अडचण वेगळीच. हे प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी ‘पॉप’ पद्धतीनं लावलेले असतात. पोस्टमन पत्र घरात टाकून गेला की पोस्टात काही उरत नाही, तसंच. मेल पेढीच्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. कोल्हापूरला किंवा बेंगळुरूला हॉस्टेलवर बसलेली लेक मोबाईलवर तेच खातं उघडते, तर इनबॉक्स रिकामा! रात्री आलेली सूचना सकाळी शटर उघडेपर्यंत कुणी बघत नाही. नवी व्यवस्था ‘आयमॅप’ची. तीत पत्रं सर्व्हरवरच राहतात, घरी-हॉस्टेलवर सगळीकडं सारखीच दिसतात.

‘पण त्यात वीस वर्षांची पत्रं आहेत हो,’ असं तुम्ही म्हणाल. ती टाकायची नाहीतच. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, स्टोअर फोल्डर अशा वाटेनं गेलात की पत्रांच्या फोल्डरचा ठावठिकाणा दिसतो. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, एक प्रत दुसरीकडंही ठेवा. एखादी फाइल दोन जीबीच्या घरात गेली असेल तर ती बिघडायच्या आत हे काम उरका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं नव्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं होऊन उघडतात. महत्त्वाची तेवढी जुन्याच मशीनवर छापून घ्या. मगच तो प्रोग्रॅम बंद करा. नव्या मशीनवर मोझिलाचा थंडरबर्ड फुकट मिळतो. नाहीतर ब्राउझरमध्ये मेल उघडला तरी भागतं.

आणि मुलाचा पत्ता मुलाच्याच नावानं काढा, शक्यतो स्वतःच्या समोर बसवून. नेट कॅफेवाल्याला खातं काढायला सांगितलं की पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो, आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी त्याला शोधत फिरावं लागतं. पासवर्ड मुलाकडे, खातं परत मिळवायला लागणारा मोबाईल नंबर तुमचा, एवढी वाटणी पुरे. खातं अधूनमधून उघडायला मात्र सांगा. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागलं आहे.

मुलाची पत्रं आपण आधी वाचावीत असं वाटणं साहजिक आहे. पण जो मुलगा उद्या परगावी एकटा राहणार, त्यानं आपल्या नावचं टपाल आजपासूनच सांभाळायला नको का? हे काम अर्ज सुटायच्या आधी, एखाद्या रविवारी, त्याच्याकडूनच करवून घ्या. तुम्ही शेजारी बसा, माउस त्याच्या हातात असू द्या.