मौन केव्हा संमती, केव्हा नाही?

निकाहपूर्वी वली, वकील व साक्षीदार मुलीची इजाजत घेण्यास जातात. ती मान खाली घालून गप्प राहते आणि बाहेर येऊन 'मुलगी राजी आहे' असे सांगितले जाते. सटाण्यात अशाच एका निकाहनंतर एका तरुणाने विचारले, "मौलाना, शरीअतमध्ये मौन ही संमती आहे, मग बलात्काराच्या खटल्यात 'ती ओरडली नाही' हा बचाव का चालत नाही?" प्रश्न प्रामाणिक होता; उत्तरही तितकेच स्पष्ट असावे.

प्रथम फिकहचा नियम पाहू. कुमारिकेचे मौन ही तिची अनुमती, असे हदीसमध्ये आले आहे आणि तिची लज्जा हे त्याचे कारणही तेथेच आहे. परंतु हनफी फिकहने या मौनाला अटी घातल्या. विचारणारा वली किंवा त्याचा प्रतिनिधी असावा. परक्याने विचारल्यास मौन पुरेसे नाही, शब्दच हवेत. वर कोण, हे तिला ठाऊक असावे. ती आक्रोश करून रडली किंवा उपहासाने हसली, तर ती संमती नव्हे. हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो रद्द ठरविला. तात्पर्य, लज्जेचे मौन वेगळे आणि भीतीचे मौन वेगळे.

हाच भेद आपल्या देशाच्या कायद्यात येण्यास मात्र मोठा संघर्ष करावा लागला. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये, भीतीपोटी पत्करलेली शरणागती ही संमती नव्हे, असे म्हणून त्यांना दोषी ठरविले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार, संमती म्हणजे शब्दाने वा खुणेने, स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार. केवळ शारीरिक प्रतिकार झाला नाही, म्हणून संमती होती असे मानता येत नाही. जिवाची भीती घालून मिळविलेला होकार हा होकारच नव्हे. मुलगी 18 वर्षांखालील असेल तर संमतीचा बचाव उरत नाही. पत्नी 18 वर्षांखालील असेल तर निकाहचाही नाही. आरोपी पोलीस, नातलग, पालक किंवा शिक्षक असेल (यात मदरशाचा उस्तादही आला), कृत्य सिद्ध झाले असेल आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो.

आरोपीलाही न्याय हवाच. कृत्य घडले नाही, ती व्यक्ती मी नव्हे, सज्ञान स्त्रीची खरी संमती होती, असे बचाव तो मांडू शकतो. खोट्या आरोपाविरुद्ध कुरआनने कठोर दंड सांगितला आहे. परंतु व्यभिचाराच्या हद्दसाठीची चार साक्षीदारांची अट पीडितेच्या तोंडाला कुलूप लावण्यासाठी नाही. सूरह नूर (24:33) मध्ये जबरदस्ती झालेल्या स्त्रियांना अल्लाहच्या क्षमेचे व कृपेचे आश्वासन आहे. हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे जबरदस्तीचे प्रकरण आले, तेव्हा त्यांनी अपराध्याला फटके व हद्दपारीची शिक्षा दिली, तिच्यावर बळजबरी झाली म्हणून मुलीला शिक्षा दिली नाही. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये ही नोंद आहे.

म्हणून माता-पित्यांना विनंती आहे. मुलीने धीर करून काही सांगितले, तर "तू ओरडली का नाहीस?" हा पहिला प्रश्न विचारू नका. भयाने वाचा बसते. तिला जवळ घ्या, उपचार मिळवून द्या; तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. अपराधी घरचा असला, तरी सूरह निसा (4:135) आप्तांविरुद्धही खरी साक्ष देण्याची आज्ञा करते. आणि मुलीची इजाजत घेताना ती गप्प राहिली, तर ते मौन लज्जेचे की भीतीचे, हे आधी तिच्या आईने एकांतात विचारून घ्यावे.

अल्लाह आपल्याला न्यायाने साक्ष देण्याचे बळ देवो. आमीन.