बारा उत्तम खेळाडू म्हणजे उत्तम संघ का? (राष्ट्रीय बास्केटबॉल संघाच्या निवडीवरून एक पाठ)



केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांचं पत्र शाळेत आलं की आपल्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. संघात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही? तीन वर्षांपूर्वी मी मुलींचा कबड्डीचा संघ निवडला. वर्गातल्या चपळ, धाडसी, चढाईला पुढे होणाऱ्या मुली घेतल्या. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो, कारण कोपरा सांभाळून पाय पकडणारी एकही मुलगी संघात नव्हती. ती होती प्रेक्षकांत बसलेली. दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, माझी पोर कुठं कमी पडली तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमी ती पडलीच नव्हती. मी काय शोधतेय हे मीच ठरवलेलं नव्हतं.

हीच चूक अमेरिकेसारख्या देशाने ऑलिम्पिकमध्ये केली आहे, आणि ती सुधारलीही आहे. म्हणून आज अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट घेऊया. पाचवीच्या पुढच्या मुलांना ती सांगता येते, आणि त्यातून गणिताचा तासही होतो.

आधी खेळाची थोडी ओळख

बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघात १२ खेळाडू असतात. मैदानात एका वेळी ५ खेळतात. त्यांची कामं वेगवेगळी असतात. पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो. शूटिंग गार्डकडून दुरून अचूक फेकीची अपेक्षा असते. दोन फॉरवर्ड आत-बाहेर दोन्हीकडे खेळतात. सेंटर हा बहुधा सर्वांत उंच, तो टोपलीजवळ उभा राहून चेंडू अडवतो आणि फळीवरून परत आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, पकडतो.

अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू एनबीए या स्पर्धेत खेळतात. आंतरराष्ट्रीय सामने मात्र फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांनी होतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, फिबाचा ४० मिनिटांचा. एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, फिबात पाचव्याच. तीन गुणांची रेषाही फिबात टोपलीच्या जवळ असते. शिवाय बचाव करणारा उंच खेळाडू टोपलीखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. एनबीएत त्याला तशी मोकळीक नाही. म्हणजे खेळ तोच असला तरी परीक्षेचा पेपर वेगळा. निवड करताना हा फरक विसरला की काय होतं, ते पुढे येईलच.

१९९२ : स्वप्नातला संघ

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा संघ महाविद्यालयीन खेळाडूंचा होता. उपांत्य सामन्यात तो सोव्हिएत संघाकडून ८२-७६ असा हरला आणि कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, फिबाने एनबीएच्या खेळाडूंना ऑलिम्पिकची दारं उघडली. १९९२ ला बार्सिलोनात मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड असे एकाहून एक खेळाडू एकत्र उतरले. जगाने त्यांना 'ड्रीम टीम' म्हटलं. त्यांनी प्रत्येक सामना सरासरी जवळपास ४४ गुणांच्या फरकाने जिंकला. अंतिम सामन्यात क्रोएशियाला ११७-८५ असं हरवलं.

पण या संघाच्या निवडीतही एक सल राहिली. आयझाया थॉमस हा डेट्रॉइटचा पॉइंट गार्ड. त्याच्या संघाने १९८९ आणि १९९० असं लागोपाठ दोनदा एनबीएचं विजेतेपद मिळवलं होतं. ऑलिम्पिक संघाचे प्रशिक्षक चक डेली हे तर डेट्रॉइटचेच प्रशिक्षक. तरीही थॉमसला घेतलं नाही. का घेतलं नाही यावर आजही लोक वाद घालतात. कोणी जॉर्डनचं नाव घेतं, कोणी समितीचं. आपल्यासाठी यातून घेण्यासारखं एकच आहे. निवडीचे निकष आधी सांगितले नाहीत, तर नंतर उरतात ते तर्क आणि कुजबुज. तीस वर्षांनीसुद्धा.

२००४ : मोठी नावं, पण संघ कुठे आहे?

आता मुख्य गोष्ट. २००३ मध्ये अमेरिकेने ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा सगळेच्या सगळे १० सामने जिंकून पार केली. पण त्या १२ जणांपैकी अथेन्सला गेले फक्त तिघे : टिम डंकन, ॲलन आयव्हर्सन आणि रिचर्ड जेफरसन. बाकीच्यांची जागा घाईने भरावी लागली. त्यात १९ वर्षांचा लेब्रॉन जेम्स होता, तसेच कार्मेलो अँथनी आणि ड्वेन वेड हेही अगदी तरुण खेळाडू होते. गुणवत्ता भरपूर होती, पण दुरून हमखास फेक करणारा म्हणून ओळखला जाणारा खेळाडू संघात जवळजवळ नव्हता. एकत्र सरावालाही वेळ मिळाला नव्हता.

पहिलाच सामना पोर्तो रिकोशी. छोटासा प्रदेश. त्यांनी काय केलं? टोपलीजवळ माणसं उभी करून आतली वाट बंद केली आणि अमेरिकेला जणू सांगितलं, मारा दुरून. अमेरिकेने तीन गुणांच्या २४ फेका केल्या, त्यातल्या फक्त ३ टोपलीत पडल्या. (मुलांना शेकडेवारी काढायला सांगा. साडेबारा टक्के, म्हणजे आठ फेकींत एक.) सामना ९२-७३ असा हरला. पुढे लिथुआनियाकडून ९४-९० आणि उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून ८९-८१ अशी हार झाली. शेवटी कांस्यपदक मिळालं. अथेन्सच्या आधी ऑलिम्पिकच्या साऱ्या इतिहासात अमेरिकेचा पुरुष संघ फक्त दोन सामने हरला होता, १९७२ चा अंतिम आणि १९८८ चा उपांत्य. या एकाच स्पर्धेत तीन.

सुवर्णपदक अर्जेंटिनाने घेतलं. त्यांच्याकडे मानू जिनोबिली होता, पण केवळ तो नव्हता. त्यांचे मुख्य खेळाडू कितीतरी वर्षं देशासाठी एकत्र खेळत आले होते. २००२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनीच अमेरिकेला ८७-८० असं हरवलं होतं आणि अंतिम फेरीही गाठली होती. कोण कुठे धावणार आणि चेंडू कुठे हवा, हे त्यांना एकमेकांकडे न बघताही कळायचं.

२००५ नंतर : निवडीची पद्धतच बदलली

हरल्यावर खेळाडूंना नावं ठेवणं सोपं असतं. अमेरिकेने पद्धत तपासली. तोवर निवड समिती करायची. २००५ मध्ये ही जबाबदारी जेरी कोलँजेलो या एकाच माणसावर सोपवली, आणि माइक शशेव्हस्की यांना प्रशिक्षक नेमलं. कोलँजेलोंनी खेळाडूंना अट घातली की एका उन्हाळ्यापुरतं यायचं नाही, तीन वर्षं द्यायची. 'तू मोठा खेळाडू आहेस, ये' एवढ्यावर आता काम भागणार नव्हतं.

लगेच यश आलं का? नाही. २००६ च्या जागतिक स्पर्धेत ग्रीसने त्यांना उपांत्य फेरीत १०१-९५ असं हरवलं. पण पद्धत मोडली नाही, उणिवा भरल्या. खेळ सावरणारा अनुभवी पॉइंट गार्ड हवा म्हणून जेसन किड आला. बीजिंगच्या वेळी त्याचं वय ३५ होतं. दुरून फेक करायला मायकल रेड होता. कोबी ब्रायंट हा त्या काळचा गुण मिळवण्यातला बादशहा, पण इथे त्याने समोरच्या संघाच्या चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूला रोखण्याचं काम घेतलं. ड्वेन वेड सुरुवातीच्या पाचात नसायचा, बदली म्हणून उतरायचा. तरीही त्या स्पर्धेत संघातर्फे सर्वाधिक सरासरी गुण त्याचेच होते, आणि अंतिम सामन्यात त्याने २७ गुण केले. २००८ च्या त्या सामन्यात अमेरिकेने स्पेनला ११८-१०७ असं हरवून सुवर्ण परत मिळवलं.

अगदी अलीकडचं उदाहरणही मुलांना आवडेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकआधी क्वाय लेनर्ड संघाबाहेर गेला. त्याच्या जागी त्याच वर्षीच्या एनबीए अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्राउन येईल असं अनेकांना वाटलं. निवड झाली ती त्याचाच बॉस्टनचा सहकारी डेरिक व्हाइट याची. व्हाइट नावाने लहान, पण बचाव करणारा आणि चेंडू न मागता खेळणारा गार्ड. ब्राउन नाराज झाला, चर्चाही खूप झाली. अमेरिकेने अंतिम सामन्यात फ्रान्सला ९८-८७ असं हरवलं. पण लक्षात घ्या, जिंकल्यामुळे प्रत्येक निवड आपोआप बरोबर ठरत नाही. ब्राउन असता तरी कदाचित जिंकले असते. निवड योग्य की अयोग्य हे निकालावरून नाही, तिच्यामागच्या कारणावरून तपासायला मुलांना शिकवूया.

गणिताचा तास : २०० मिनिटांची वाटणी

फळ्यावर लिहा : सामना ४० मिनिटं, मैदानात ५ खेळाडू. ४० × ५ = २०० मिनिटं. एवढाच वेळ प्रशिक्षकाकडे वाटायला असतो. एनबीएतला आघाडीचा खेळाडू आपल्या संघासाठी साधारण ३५ मिनिटं खेळतो. असे १२ जण घेतले तर ३५ × १२ = ४२० मिनिटं लागतील. आहेत २००. मग निम्म्याहून जास्त सवय मोडायला लागणार. कोणाला तरी बाकावर बसावं लागणार, आणि बसूनही मन लावून थांबावं लागणार. हे गणित मुलांना एकदा कळलं की "मला का नाही खेळवलं?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांना स्वतःलाच सापडतं.

वर्गातला उपक्रम : पाच जण निवडा

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला पुढच्या आठ पट्ट्या द्या. (आकडे वर्गासाठी कल्पनेने घेतले आहेत.)

खेळाडू १ : गुण २६, पास २, रिबाउंड ३
खेळाडू २ : गुण २४, पास ३, रिबाउंड ४
खेळाडू ३ : गुण २२, पास २, रिबाउंड ३
खेळाडू ४ : गुण २१, पास ३, रिबाउंड ५
खेळाडू ५ : गुण २०, पास २, रिबाउंड ४
खेळाडू ६ : गुण ८, पास १०, रिबाउंड ३
खेळाडू ७ : गुण ९, पास १, रिबाउंड १२
खेळाडू ८ : गुण ११, पास ३, रिबाउंड ४, समोरच्याला रोखण्यात सर्वांत पटाईत

बहुतेक गट पहिले पाच उचलतील. बेरीज करायला लावा : गुण ११३, पास १२, रिबाउंड १९. मुलं खूश होतात. मग शांतपणे विचारा, "मैदानात चेंडू किती?" एक! पाचही जण आपल्या संघात चेंडू हातात घेऊन गुण करायचे. आता पाचांपैकी कोण देणार आणि कोण घेणार? ते ११३ गुण खरंच होतील का?

नंतर १, २, ६, ७, ८ असा संघ लिहा. गुण ७८, पास १९, रिबाउंड २६. कोणता संघ चांगला हे तुम्ही सांगू नका. गटांना वाद घालू द्या. अट एकच : प्रत्येक निवडीला 'कारण' हा शब्द वापरून एक पूर्ण वाक्य लिहायचं. "मी ७ ला घेतलं कारण..." भाषेचा सरावही होतो.

शेवटी सर्वांत अवघड काम द्या. न घेतलेल्या तीन खेळाडूंपैकी एकाला दोन ओळींचं पत्र लिहा. त्यात खोटी स्तुती नको आणि टोचणारे शब्दही नकोत. खरं कारण, आणि पुढच्या वेळी काय केलंस तर तुला घेऊ, एवढंच. माझ्या वर्गात या पत्रांना बेरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

आपल्यासाठी

शिक्षकांनो, निवडीच्या आधी फळ्यावर लिहा की संघात कोणकोणती कामं आहेत. चढाईला तिघी, कोपऱ्याला दोघी, असं. चाचणीचा दिवस सगळ्यांना सांगा. निवड झाल्यावर बाहेर राहिलेल्या प्रत्येक मुलाशी स्वतः बोला, यादी भिंतीवर लावून मोकळे होऊ नका.

पालकांनो, "माझ्या मुलाला का नाही घेतलं?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्याला जोडून "त्याने कशाचा सराव करावा?" हेही विचारा. आम्हाला उत्तर देता आलं नाही, तर चूक आमची समजा.

एक फरक मात्र विसरायला नको. राष्ट्रीय संघ जिंकण्यासाठी निवडला जातो. आपली मुलं आठ-दहा वर्षांची आहेत. त्यांची उंची वाढायची आहे, भीती जायची आहे. आज बाकावर बसलेलं मूल उद्या कुठे असेल हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून शाळेच्या संघात सरावाला सगळ्यांना घ्या आणि वर्षभरात प्रत्येकाला एकदा तरी मैदानात उतरवा.

पुढच्या वर्षी ती कोपऱ्याची मुलगी संघात होती. आम्ही तालुक्याला पोचलो नाही, केंद्रावरच दुसरे आलो. पण या वेळी बाहेर राहिलेल्या सहाही मुलींच्या आयांना मी कारण सांगू शकले. एकीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. यंदाच्या निवडीआधी ते पान उघडणार आहे.