कागद आणि काळ
(व्यापाऱ्यांचे नेहमीचे कायदेविषयक प्रश्न)

व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावर उभी असते. आमच्या पेठेत आजही मोठमोठे सौदे केवळ शब्दावर होतात आणि ते पाळलेही जातात. हे आमचे भूषण आहे, यात संशय नाही. परंतु शब्द देणारा व शब्द घेणारा यांपैकी एक जण निवर्तला, किंवा दोघांत वितुष्ट आले, म्हणजे त्या शब्दाचा साक्षीदार कोण, असा प्रश्न उभा राहतो. तोंडी करार कायद्याने निरर्थक ठरत नाही, पण तो सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करणे हेच अवघड असते.

वकिलांकडे व्यापारी बंधू जे प्रश्न घेऊन जातात ते वरवर पाहता निरनिराळे दिसतात. कोणाची उधारी बुडालेली असते, कोणाचा धनादेश परत आलेला असतो, कोणाच्या घरात वाटणीचा वाद असतो. तथापि बारकाईने पाहिल्यास या सर्वांच्या मुळाशी दोनच प्रश्न आढळतात : लिहिलेले काय आहे, आणि दिवस किती लोटले आहेत? या दोहोंची उत्तरे समाधानकारक असतील तर बहुधा मार्ग निघतो. ती तशी नसतील तर सत्य आपल्या बाजूस असूनही हात रिकामे राहतात. म्हणून नेहमीच्या काही प्रश्नांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१. उधारी किती वर्षांपर्यंत वसूल करता येते?

विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे ३ वर्षे आहे. उधारीची मुदत ठरलेली नसल्यास ही ३ वर्षे माल दिल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि ठरलेली असल्यास ती संपल्यापासून मोजतात. हातउसन्या रकमेसही सामान्यतः ३ वर्षांचीच मुदत आहे.

येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘गिऱ्हाइकाचे खाते चालू आहे, परवाच त्याने माल नेला, तेव्हा जुनी बाकीही जिवंत आहे,’ असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः एकाने माल द्यावा आणि दुसऱ्याने पैसे भरावेत, एवढ्याने ते खाते कायद्याच्या अर्थाने परस्पर देवघेवीचे खाते होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हिंदुस्थान फॉरेस्ट कंपनीच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला आहे. साध्या उधारीच्या खात्यात प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्रपणे चालते, आणि नव्या बिलाने जुने बिल वाचत नाही.

मग ते वाचते कशाने? ऋणकोच्या सहीने. मुदत संपण्यापूर्वी त्याने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. उदाहरणार्थ, १० जून २०२२ रोजी उधार दिलेल्या मालाची मुदत १० जून २०२५ रोजी संपते. पण १ मार्च २०२४ रोजी बाकी कबुलीची सही घेतली असेल, तर ती १ मार्च २०२७ पर्यंत लांबते. मुदतीच्या आत काही रक्कम फेडली गेली आणि तिची नोंद फेडणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी असेल, तरीही हाच लाभ मिळतो. केवळ आपल्या वहीत आपणच रोख जमा मांडून भागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

२. वहीत नोंद आहे, एवढा पुरावा पुरेसा नाही काय?

नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ३४ वे कलम व्यापाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांस ठाऊक होते. त्याची जागा आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २८ व्या कलमाने घेतली आहे. तत्त्व तेच आहे : धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात येतात, परंतु केवळ त्यांच्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. संगणकावरील हिशेबासही हाच नियम लागू आहे.

यामागील कारण उघड आहे. आपली वही आपणच लिहितो, तेव्हा तिला दुसऱ्या कशाचा तरी आधार हवा. माल पोचल्याची सही, वाहतुकीची पावती, बिलाची प्रत, वस्तू व सेवा कराचे विवरण, बँकेचा उतारा यांपैकी जे असेल ते नोंदीशी जुळले, म्हणजे वही बोलू लागते. सुट्या कागदांवरील टिपणांना मात्र हिशेबवहीचा मान मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये व्ही. सी. शुक्ला यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. रोजकीर्द व खतावणी वेळच्या वेळी लिहिण्याची आमच्या वाडवडिलांची शिस्त केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हती, हे यावरून दिसून येईल.

मराठीत लिहिलेली वही कर्नाटकातील न्यायालयात चालेल काय, असेही विचारले जाते. भाषेमुळे वही निरुपयोगी ठरत नाही. मात्र न्यायालयाच्या भाषेतील भाषांतर जोडावे लागते.

३. गिऱ्हाईक गडहिंग्लजचे आहे. दावा कोठे लावावा?

हा प्रश्न आमच्या संकेश्वरास जितका जवळचा, तितका अन्यत्र क्वचितच असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. पेठ एका राज्यात आणि तिची निम्मी गिऱ्हाइकी दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती त्या दिवसापासून झाली. मिरचीचा व गुळाचा व्यापार सीमा पाहून चालत नाही, पण न्यायालयांची कक्षा मात्र सीमेने ठरते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २० व्या कलमानुसार दोन ठिकाणी दावा लावता येतो : प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे. माल संकेश्वरात दिला असेल, किंवा पैसे संकेश्वरात द्यावयाचे ठरले असतील, तर दाव्याच्या कारणाचा अंश येथे घडला असे दाखविता येते. ‘न्यायकक्षा संकेश्वर’ हे बिलावर छापलेले वाक्यही उपयोगी पडते, पण त्याला मर्यादा आहे. १९७१ च्या हाकम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन न्यायालयांना मुळात अधिकार असेल तर पक्षकारांना त्यांतील एक निवडता येते. परंतु ज्या न्यायालयास अधिकारच नाही, त्यास तो कराराने देता येत नाही. शिवाय सौदा झाल्यावर बिलाच्या कोपऱ्यात छापून आलेल्या वाक्यास गिऱ्हाइकाची संमती होती काय, असा वाद निघू शकतो. म्हणून मालाच्या मागणीपत्रावरच ही अट घालून त्यावर सही घेणे श्रेयस्कर.

येथे मिळालेला हुकूमनामा महाराष्ट्रात कुचकामी ठरतो, ही समजूत चुकीची आहे. तो बजावणीसाठी तेथील न्यायालयाकडे पाठविता येतो, नवा दावा लावावा लागत नाही. हुकूमनाम्याच्या बजावणीची सामान्य मुदत १२ वर्षे आहे. दावा महाराष्ट्रात लावावा लागला, तर त्यातून उद्भवणाऱ्या उच्च न्यायालयातील कामासाठी कोल्हापूरकडील पक्षकारांस आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आहे. आमच्या बाजूस धारवाडचे पीठ २००८ पासून आहेच.

४. धनादेश परत आला. आता काय करावे?

सर्वप्रथम दिनदर्शिका पाहावी. या बाबतीत कायद्याने दिवस मोजून दिले आहेत. धनादेश त्यावरील तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत भरला पाहिजे. तो न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्यास रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस पाठविली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने रक्कम दिली नाही, तर पुढील एक महिन्याच्या आत फौजदारी फिर्याद दाखल करावयाची असते. योग्य कारण दाखविल्यास फिर्यादीस झालेला विलंब न्यायालय माफ करू शकते, पण नोटिशीच्या ३० दिवसांस तशी सवलत नाही.

अपराध सिद्ध झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश आपल्या खात्यात भरला असता आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात फिर्याद करता येते. सीमेपलीकडील गिऱ्हाइकाच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. पुष्कळ व्यापारी ‘आज देतो, उद्या देतो’ या आश्वासनावर ३० दिवस घालवितात. आश्वासन जरूर ऐकावे, पण नोटीस पाठवून ऐकावे.

५. भागीदारीपत्र आहे, पण नोंदणी नाही, चालेल काय?

धंदा चालेल, दावा चालणार नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या पेढीस करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. दावा लावल्यानंतर धावपळ करून नोंदणी केली, तरी तो दोष भरून निघत नाही. नोंदणी आधीच हवी, आणि दावा लावणाऱ्या भागीदारांची नावे नोंदवहीत हवीत. पेढीवर मात्र कोणीही दावा लावू शकतो! म्हणजे नोंदणी न केल्याने देणे तसेच राहते, फक्त घेणे अडकते.

भागीदार निवृत्त झाल्यास जाहीर सूचना द्यावी, अन्यथा पुढील व्यवहारांची जबाबदारी त्याच्या गळ्यात राहू शकते. दोनच भागीदार असतील आणि त्यांतील एक वारला, तर पेढी तेथेच विसर्जित होते. एकत्र कुटुंबाचा वडिलोपार्जित धंदा ही भागीदारी नव्हे, त्यास नोंदणीचा हा नियम लागू नाही; परंतु आपला धंदा नेमका कोणत्या प्रकारात मोडतो, हे कागदावर स्पष्ट असावे.

६. वडील निवर्तले, त्यांच्या देण्याघेण्याचे काय?

देण्याविषयी नियम असा, की वारसाच्या हाती जी मालमत्ता आली असेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या जुन्या तत्त्वावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी पुत्रावर दावा चालत नाही.

घेण्याविषयी अधिक जागरूक राहावे, कारण दुखवट्यामुळे मुदत थांबत नाही. मृताच्या स्वतंत्र येण्यासाठी हुकूमनामा मिळण्यापूर्वी वारसांनी उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळविणे आवश्यक असते. मात्र दावा दाखल करण्यासाठी त्या प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. मुदत जवळ आली असेल तर दावा आधी लावावा.

कन्यांच्या हक्काविषयी अजूनही घरोघरी संभ्रम आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. कर्नाटकात ३० जुलै १९९४ पासून, तत्पूर्वी विवाह झालेल्या कन्या वगळून, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हक्क मिळाला होता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद राहिला नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निर्णयाने, दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, हेही स्पष्ट झाले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व हस्तांतरणे मात्र कायम राहतात. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडावयाचा असेल तर स्थावरासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. माहेरपणात कोऱ्या कागदावर घेतलेली सही कायद्यातही टिकत नाही आणि नात्यातही टिकत नाही.

७. न्यायालयाबाहेर मार्ग नाही काय?

आहे, आणि तो आधी चोखाळावा. लोकअदालतीत झालेला तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच प्रभावी असतो. त्यावर अपील नाही, आणि चालू दावा तेथे मिटल्यास न्यायालयीन शुल्क परत मिळते. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण तेथे नेता येते. स्त्रियांना कायदेविषयक साहाय्य उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य मिळते, हे घरातील भगिनींनी जाणून असावे. ३ लाख रुपये व त्यावरील व्यापारी दाव्यांत, तातडीच्या आदेशाची मागणी नसल्यास, आधी मध्यस्थीकडे जाणे बंधनकारक आहे. त्या मध्यस्थीचा काळ मुदतीत धरला जात नाही.

८. मुदत गेली म्हणजे देणे संपले काय?

हा प्रश्न शेवटी घेतला, कारण तो धनको विचारतो तसा ऋणकोही विचारतो. कायद्याचे उत्तर मोठे अर्थपूर्ण आहे. मुदत संपल्याने न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होतो. ऋण नाहीसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बॉम्बे डाइंगच्या खटल्यात हेच प्रतिपादन केले. मुदतबाह्य देणे देण्याचे लेखी, सहीचे वचन ऋणकोने दिले, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमानुसार ते बंधनकारक ठरते.

आमच्या आचारशास्त्राने तर याहून पुढे जाऊन सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे, आणि ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, हे दोन्ही मोजले आहेत. मुदतीच्या कायद्याचा आसरा घेऊन दुसऱ्याची रक्कम पचविणारा न्यायालयात जिंकेल, परंतु श्रावक म्हणून तो काय उरतो, याचे उत्तर त्याने स्वतःसच द्यावे.

तात्पर्य, लेखी व्यवहार हा अविश्वास नव्हे. आपला विश्वास पुढील पिढीच्याही उपयोगी पडावा, यासाठी केलेली ती तजवीज आहे. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करताना प्रत्येक उधारीच्या खात्यावर बाकी कबुलीची सही घ्यावी. ज्या बिलांस २ वर्षे होऊन गेली असतील त्यांची यादी निराळी काढावी. भागीदारीची नोंदणी तपासून पाहावी, आणि या कागदांची जागा घरातील आणखी एका माणसास, पत्नीस वा मुलीस, दाखवून ठेवावी. एवढे केल्यावरही अडचण उद्भवली, तर वकिलाकडे जाण्यास लाजू नये. मात्र मुदत हाती असतानाच जावे.