तिकिटं विकायची, ताडपत्रीही ओढायची

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये एम.एस. करते आहे. तिला मायनर लीगमधल्या एका बेसबॉल क्लबात नोकरी मिळते आहे, पण काम तिकीटविक्रीचं! एवढं शिकून हेच करायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरुवातीला हेच. या क्लबांचा कारभार जरा चमत्कारिक असतो. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार हे सगळं वरच्या मेजर लीग संघाकडे. एखादा पोरगा तुफान फटकेबाजी करत असतो, वरून बोलावणं येतं आणि तो दुसऱ्या दिवशी गायब. क्लबाला कुणी विचारतही नाही. क्लबाच्या हाती उरतं मैदान, तिकिटं, प्रायोजक आणि खाण्यापिण्याचे स्टॉल. संघ हरो वा जिंको, खुर्च्या भरल्या पाहिजेत.

म्हणून तिथली माणसं बेसबॉलपेक्षा संध्याकाळ विकतात. शुक्रवारची आतषबाजी, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, शाळांच्या आणि कंपन्यांच्या सहली, दोन इनिंगच्या मधे चिमुरड्यांच्या शर्यती. ओहायोतला डेटन ड्रॅगन्स मेजर लीगच्या कित्येक पायऱ्या खाली खेळतो, पण 2000 पासून त्याचे घरचे सामने हाऊसफुल्ल जात राहिले. 2011 मध्ये त्यानं पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या एनबीए संघाचा सलग 814 हाऊसफुल्ल सामन्यांचा विक्रम मोडला. ही करामत पिचरची नव्हे, फोनवर बसलेल्या विक्रेत्यांची.

छोट्या ऑफिसात 'हे माझं काम नाही' असं म्हणायची सोय नसते. पाऊस आला की तिकीट खात्यातली मुलंमुलीही बाह्या सरसावून मैदानात धावतात आणि ती अवाढव्य ताडपत्री ओढत इनफिल्ड झाकतात. वाऱ्यानं ती फुगली की एखाददुसरा तिच्याखाली सापडतोही. प्रेक्षक टाळ्या पिटतात. सामने मंगळवार ते रविवार. सोमवारची सुट्टी खेळाडूंना असते, ऑफिसला असेलच असं नाही.

अशा क्लबातून वर पोचलेली माणसंही आहेत. बिल व्हीकनं 1941 मध्ये मिलवॉकीचा मायनर लीग क्लब घेतला आणि नाना क्लृप्त्या लढवून लोक जमवले. 1946 मध्ये तो मेजर लीगमधल्या क्लीव्हलंडचा मालक झाला. 1948 मध्ये क्लीव्हलंडनं वर्ल्ड सीरिज जिंकली. प्रत्येकाचं असं होत नाही, हे सांगायला नकोच.

दोन गोष्टींची मात्र काळजी वाटते. 2021 च्या फेररचनेत मेजर लीगशी जोडलेले क्लब 160 वरून 120 वर आले, त्यामुळे जागाही घटल्या. दुसरी गोष्ट व्हिसाची. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत न बसणाऱ्या पदवीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, 12 महिन्यांचीच मिळते, आणि तुटपुंज्या पगारावर माणसं नेमणारा क्लब पुढचा व्हिसा करून देईल अशा भरवशावर राहू नये.

तेव्हा सही करण्याआधी भाचीला विचारून घ्यायला सांगा : मूळ पगार किती, कमिशन किती, आणि सप्टेंबरात सीझन संपल्यावर नोकरी राहते का? दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत बसलेली माणसं आज कुठे आहेत, हेही विचारावं. क्लबानं उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर दुसरा क्लब बघावा.