उसाची टिपरी आणि मोगऱ्याची कांडी



ऊस लावणाऱ्या माणसाला कलम म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. आपण बी पेरत नाही, टिपरी लावतो. जातिवंत बेणे तोडायचे, सरीत दाबायचे, की डोळ्यातून त्याच जातीचा ऊस उभा राहतो. मोगऱ्याचेही तसेच. आपल्या अंगणातल्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. म्हणून घरोघर मोगरा पोचला तो कांडीने, नाहीतर दाब कलमाने. मग टिपरी लावण्यात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांच्या हातून मोगऱ्याच्या कांड्या का मरतात? त्याचाच विचार या लेखात करू.

आमची चूक

आमच्या विहिरीच्या काठी आईने लावलेला जुना बटमोगरा होता. विहीर रुंद करायचे ठरले, तेव्हा झाड जाणार हे उघड होते. एप्रिलात आम्ही त्याच्या वीस कांड्या तोडल्या, भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यात उन्हातच लावल्या आणि उसासारखे पाटाने पाणी सोडले. आठ-दहा दिवसांत पोपटी पाने फुटली. घरात सगळे म्हणाले, "जगल्या बरं का!" पुढच्या पंधरवड्यात वीसच्या वीस वाळल्या. उपटून पाहतो तर एकीलाही मूळ नाही. खालची टोके काळी पडून कुजलेली. खोदाईचे मशीन वेळेवर मिळाले नाही, काम पुढच्या उन्हाळ्यावर गेले, म्हणून आम्हाला दुसरी संधी मिळाली.

फरक कुठे आहे?

उसाच्या कांड्याच्या गाठीवर, डोळ्याच्या शेजारी बारीक ठिपक्यांचा पट्टा दिसतो. ते मुळांचे तयार अंकुर. ओल लागली की सुटतात. शिवाय टिपरीच्या पोटात साखर आणि पाणी यांची शिदोरी असते.

मोगऱ्याच्या कांडीची शिदोरी लहान, आणि मुळे तिला सालीच्या आतल्या थरातून नव्याने घडवावी लागतात. त्याला महिना-दीड महिना लागतो. पाने मात्र आठवड्यात फुटतात, कारण डोळे तयारच असतात. पाने हवेत पाणी सोडतात, खालून भरणा नसतो, आणि कांडी सुकते. तेव्हा पाला फुटला म्हणजे कांडी जगली, असे समजू नये. आपले काम एवढेच, की मूळ सुटेपर्यंत कांडीला सुकूही द्यायचे नाही आणि कुजूही द्यायचे नाही.

कांडी कशी लावावी?

1. हंगाम : जून ते ऑगस्ट. हवेत दमटपणा असतो, कांडी सुकत नाही.

2. निवड : निरोगी झाडाची, पेन्सिलीहून थोडी बारीक, फूल नसलेली फांदी घ्यावी. हिरवी लुसलुशीत नको, जुनी लाकडासारखीही नको. वाकवली तर वाकावी, पण लगेच मोडू नये.

3. तोड : धारदार चाकूने सहा ते आठ इंचांची, तीन-चार गाठींची कांडी करावी. खालचा काप गाठीच्या लगेच खाली सरळ घ्यावा, वरचा तिरपा. म्हणजे शेंडा-बूड ओळखता येते. टिपरी आडवी लावली तरी चालते. मोगऱ्याची कांडी उलटी लागली तर फुकट गेली.

4. पाने : खालची सर्व काढावीत. वरची दोन ठेवून तीही अर्धी कापावीत.

5. माध्यम : धुतलेली जाड वाळू, किंवा निम्मी वाळू व निम्मी पोयटा माती. शेणखत किंवा कारखान्याचे प्रेसमड खत आत्ता नको. ते खड्ड्यासाठी राखून ठेवा. पिशवीला खाली भोके पाडावीत.

6. लावणी : मुळे फुटण्याची पावडर मिळाली तर बुडाला लावावी. काडीने आधी भोक पाडून दोन गाठी आत जातील अशी कांडी बसवावी व भोवती दाबून घ्यावे.

7. निगा : झाडाखाली किंवा गोठ्याच्या आडोशाला सावलीत ठेवावे. पाणी झारीने, वाळू ओलसर राहील इतकेच. सहा आठवड्यांपर्यंत कांडी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. हळूच ओढल्यावर ती धरून राहिली तर मूळ सुटले असे समजावे. मग आठ-दहा दिवस थोडे थोडे ऊन दाखवून रोप मोठ्या पिशवीत हलवावे.

गुंठाभर लावायचा असेल तर

चार बाय चार फुटांवर गुंठ्यात सुमारे 68 रोपे बसतात. मर धरून शंभर कांड्या कराव्यात. जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या किंवा खारवट रानात मोगरा लावू नये. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी तोडून छाटणी केली की फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या येऊ लागतात. पूर्ण उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून धरावे.

उसाचे बिल यायला वर्ष-दीड वर्ष जाते. बहरात मोगरा रोज चार पैसे देतो हे खरे. पण कळी पहाटे, उमलण्याआधी तोडावी लागते आणि त्याच दिवशी विकावी लागते. जवळ फुलांचा बाजार नसेल, घरात तोडणीला माणसे नसतील, तर भुलून जाऊन उसाचे रान मोडू नये. आधी परसात दहा रोपे करून पाहावीत.

आमच्यापुरते सांगायचे तर, जुलैत वरीलप्रमाणे लावलेल्या वीस कांड्यांपैकी चौदा जगल्या. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा काठ खोदला गेला आणि जुने झाड गेले. त्याची रोपे आम्ही दोन्ही बहिणींच्या अंगणात नेऊन लावली. कलमाचे रोप म्हणजे तेच झाड. आईने लावलेला मोगरा तीन घरी फुलतो आहे.

तुमच्या दारातही असे एखादे जुने झाड असेल. ते जाण्याची वाट पाहू नका. येत्या पावसाळ्यात त्याच्या दहा कांड्या लावून ठेवा.