किनाऱ्याचें पाणी काळें कां होतें ?

गेल्या फाल्गुनांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील समुद्रकिनारीं गेलों होतों. एके ठिकाणीं खडकांच्या कवेंत शिरलेलें पाणी काढ्यासारखें काळसर दिसत होतें व त्यास दुर्गंधीही येत होती. शेजारींच मासेमारांची वस्ती. "ही त्यांचीच घाण," असें एक विद्यार्थी म्हणाला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हींही मान डोलाविली. जवळच जाळें विणीत बसलेल्या एका वृद्धानें हें ऐकलें. तो रागावला नाहीं. त्यानें काठीनें कडेचा ढीग उकरून दाखविला. त्यांत माशाचें एक खवलेंही नव्हतें. होतें तें केवळ कुजलेलें समुद्रशैवाल, तिवरांचीं पानें आणि काटक्या.

आपल्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नांवाचें तपकिरी शैवाल पुष्कळ आढळतें. थंडीच्या दिवसांत तें भरभरून वाढतें. पुढें जून झालें म्हणजे लाटांच्या माऱ्यानें खडकापासून सुटतें. मोकळ्या किनाऱ्यावरून भरती-ओहोटी त्यास वाहून नेते. परंतु जेथें पाणी कोंडलेलें असतें तेथें तें सांचून कुजूं लागतें.

आतां पाण्यास रंग कोठून येतो तें पाहूं. हिरड्याची पूड भिजत घातली असतां पाणी पिंगट होतें, हें आपण जाणतों. हिरड्यांत टॅनिन नांवाचें द्रव्य असतें. तिवरांच्या पानांत आणि तपकिरी शैवालांतही त्याच जातीचीं द्रव्यें असतात; तीं पाण्यांत उतरतात.

दुर्गंधीचें कारण निराळें. कुजणें म्हणजे सूक्ष्म जंतूंचें भोजन होय, आणि त्यांस प्राणवायु लागतो. समुद्राच्या एक लिटर उबदार पाण्यांत तो अवघा सहा-सात मिलिग्रॅम असतो. ढीग मोठा असला कीं हा सांठा लवकरच संपतो. मग दुसऱ्या जातीचे जंतु पुढें येतात. ते समुद्राच्या पाण्यांतील सल्फेट क्षारांवर निर्वाह करितात. हे क्षार लिटरमागें सुमारें २.७ ग्रॅम असल्यामुळें त्यांस तोटा पडत नाहीं. त्यांच्या कार्यानें हायड्रोजन सल्फाइड वायु निघतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. चिखलांतील लोहाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे काळें लोह-सल्फाइड बनतें आणि चिखल काजळासारखा दिसतो.

एवढ्यावरून ही घाण होय असें समजूं नये. हाच कुजका पाला किडे व खेंकडे खातात आणि त्यांवर मासे पोसतात. निसर्गाचा हा जमाखर्च बरोबर जुळतो.

परंतु माणसानें जमेची बाजू भलतीच वाढविली तर काय होतें ? फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी प्रांत आहे. तेथील शेतांतील खतें व गुरांडुकरांचें मलमूत्र यांतील नायट्रेट ओढ्यांवाटे समुद्रांत उतरतें आणि उथळ उपसागरांत हिरवें शैवाल बेसुमार माजतें. किनाऱ्यावर त्याचे ढीग पडतात. वरचा थर वाळून पापुद्रा धरतो व आंत वायु कोंडतो. २००९ च्या जुलै महिन्यांत सँ-मिशेल-आँ-ग्रेव्ह येथें एका घोड्याचे पाय अशा ढिगांत रुतले. घोडा तेथेंच मेला. स्वार बेशुद्ध पडला, त्यास लोकांनीं ओढून काढल्यामुळें तो वांचला. शैवाल निराळें, पण जंतु तेच, वायुही तोच. प्रमाण मात्र सुटलें होतें.

म्हणून काळें पाणी दिसलें कीं प्रथम दोन प्रश्न विचारावे : ढिगांत आहे काय, आणि तें इतकें कां सांचलें ? पालाच असेल तर कोणास दोष देऊं नये. गटाराचें पाणी वा शेतांतील खत तेथें येत असेल तर निसर्गाचें नांव पुढें करून आपण गप्पही बसूं नये. आणि कुजक्या ढिगावर पाय देण्याचें धाडस कोणीही करूं नये.

परततांना त्या विद्यार्थ्यानें वृद्धाची क्षमा मागितली. त्याच्यामागून आम्हींही मागितली. कारण तपासण्यापूर्वीं निर्णय देण्याची चूक विद्यार्थ्याहून शिक्षकास अधिक अशोभनीय आहे.