तहान लागत नाही, म्हणून पाणी नको?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. "तहानच लागत नाही" म्हणून भर उन्हाळ्यातही दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी पितात. भाकरीही चतकोरच. जबरदस्ती करावी का?
— एक वाचक, अकलूज

उत्तर : वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, पाण्याची गरज मात्र तशीच राहते. त्यामुळे हा हट्ट नव्हे. पण सोलापूरकडच्या उन्हात तहानेची वाट पाहणे धोक्याचे. भरला तांब्या समोर ठेवण्यापेक्षा तासा-दीड तासाने अर्धा पेला हातात दिलेला बरा. ताक, हुलग्याचे माडगे, कलिंगड हेही जमेस धरावे. रात्री उठावे लागू नये म्हणून ज्येष्ठ पाणी टाळतात. त्यांना बरेचसे पाणी संध्याकाळपूर्वीच द्यावे.

भूक थोडी घटते, प्रथिनांची गरज घटत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ आमटीवर ती भरत नाहीत. दुधात कुस्करलेली भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याचे कूट, अंडे थोडे थोडे, चार-पाच वेळा द्यावे. चतकोर भाकरीमागे कधी कधी नुसती सैल कवळी असते. ती आधी तपासावी.

जबरदस्ती नको, घास अडकू शकतो. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे, मिठाचे प्रमाण त्यांनाच विचारावे. अचानक गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा लघवी फार कमी होणे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.